आठ गावं, चार आया

“टेंभुर्णे, तुम्ही किती वर्षं डास पकडताय?” डॉ. केळुसकरांनी विचारलं.

मला उत्तर देता येईना. सकाळचे साडेपाच वाजले होते. मुरपार नावाच्या गावात एका गुरांच्या कोठ्यात मी म्हशीमागे ओणवा उभा होतो. एका हातात बॅटरी होती, तोंडात काचेची नळी होती आणि नुकताच एक डास माझ्या घशात गेला होता. मी दहा बोटं दाखवली, मग आणखी एक दाखवलं आणि खोकत बसलो.

“अकरा वर्षं. आणि नळीच्या टोकाला जाळीचा तुकडा लावायचा असतो, हे कोणी सांगितलं नाही?”

सांगितलं होतं. नोकरीला लागलो तेव्हा आठ दिवसांचं प्रशिक्षण झालं होतं, त्यात पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. पण प्रशिक्षण संपल्यावर नळीचा आणि माझा फारसा संबंध आला नव्हता.

मी जिल्ह्याच्या हिवताप कार्यालयात कीटक समाहारक होतो, म्हणजे सरकारी पगारावर डास पकडणारा माणूस. माझे सासरे लोकांना नुसतं “जावई सरकारात असतात” एवढंच सांगत आणि विषय बदलत. गावोगाव जायचं, कोठ्यात आणि घरात भिंतींवर बसलेले डास नळीने ओढून घ्यायचे, मोजायचे आणि महिन्याच्या शेवटी तक्ता भरायचा, असं माझं काम. त्यातला तक्ता भरण्याचा भाग मी चोख करत असे. पावसाळ्यात आकडे वाढवायचे, उन्हाळ्यात उतरवायचे, एखाद्या गावी मुद्दाम शून्य लिहायचं. एवढं तारतम्य ठेवलं की वर कोणी काही विचारत नाही. अकरा वर्षांत माझा एकही तक्ता उशिरा गेला नव्हता.

ही बावीस वर्षांपूर्वीची गोष्ट आहे. डॉ. वृंदा केळुसकर दूरच्या एका मोठ्या संशोधन संस्थेतून आमच्या जंगली जिल्ह्यात आल्या होत्या. चाळिशीच्या, ठेंगण्या, पायात कॅनव्हासचे बूट, आणि बोलताना समोरच्याकडे असं बघायच्या की आपल्या शर्टाची बटणं नीट लागलीत ना, असं वाटावं. औषध मारूनही काही डास का मरत नाहीत, आणि न मरण्याचा तो गुण एका गावातून दुसऱ्या गावात कसा पसरतो, हा त्यांचा अभ्यास. त्यासाठी त्या डासांची कुळं शोधत. कोणता डास कोणाच्या पोटचा, कोणत्या गावचं कुळ कोणत्या गावाशी जुळतं, हे त्यांना डासाच्या एका पायाच्या तुकड्यावरून कळे.

आमचे साहेब, म्हणजे जिल्हा हिवताप अधिकारी बारसागडे, हे ऐकून इतके हसले की चहा सांडला. “डासांची वंशावळ! मॅडम, आमच्याकडे लोकांच्या जातीचे दाखले निघत नाहीत.”

पण त्यांनी संमती दिली. संशोधन म्हटलं की अहवालात एक परिच्छेद वाढतो. शिवाय साहेबांना खात्री होती की निकाल चांगलाच येणार. गोदामात छतापर्यंत पावडरीची पोती रचलेली होती, आणि ती त्या पावसाळ्याआधी गावोगावच्या भिंतींवर मारून संपवायची होती.

अकरा गावं ठरली होती. पहिली तीन आम्ही दोघांनी मिळून केली. रक्त पिऊन फुगलेली मादी धरायची, तिला ओल्या कागदावर अंडी घालू द्यायची, अंडी पाण्याच्या पसरट ट्रेमध्ये सोडायची, दळलेल्या बिस्किटाचा भुगा घालून अळ्या वाढवायच्या, हे सगळं मॅडमनी मला पहिल्यापासून शिकवलं. बारा दिवसांत एका वयाचे ताजे डास तयार. त्यातल्या पंचवीस माद्या औषध लावलेल्या कागदाच्या नळीत तासभर ठेवायच्या, मग साध्या नळीत सोडून साखरपाणी द्यायचं आणि दुसऱ्या दिवशी मेलेल्या मोजायच्या. नंतर एकेक डास स्पिरिटच्या इवल्याशा बाटलीत टाकून वर गावाचं नाव लिहायचं.

पहिल्या तिन्ही गावांत पंचवीसपैकी पंधराच मेल्या. बारसागडे साहेब स्वतः बघायला आले. चष्मा वर करून त्यांनी नळीत बराच वेळ पाहिलं.

“या दहा बेशुद्ध असतील, मॅडम.”

“साहेब, त्या उडताहेत.”

“बेशुद्धीत,” साहेब म्हणाले आणि निघून गेले.

एप्रिलच्या सुरुवातीला मॅडमना महिनाभर आपल्या संस्थेत परत जावं लागलं. उरलेली आठ गावं जंगलापलीकडची, सगळ्यात लांबची येरंडी, साठ किलोमीटर. जाताना त्यांनी आठ डबे, दोनशे बाटल्या आणि सूचनांचा कागद माझ्या हाती दिला. “प्रत्येक गावात निदान तीस वेगवेगळ्या घरांतून माद्या धरायच्या. एकाच घरातून नाही. तुम्हाला आता सगळं येतं, टेंभुर्णे. तुमच्यावर सोडून जातेय.”

मी जीप मागायला गेलो. जीप सभापतींच्या पुतण्याच्या लग्नाला गेली होती आणि लग्न आठ दिवस चालणार होतं.

“मग मी कसा जाऊ, साहेब?”

“तुमच्या पातळीवर बघा,” बारसागडे म्हणाले.

सरकारी नोकरीत ज्याने आयुष्य काढलंय त्याला या तीन शब्दांचा अर्थ कळतो. मी माझ्या पातळीवर पाहिलं, तर आमच्या घरामागे कटरेंचा कोठा दिसत होता. तिथे संध्याकाळी एक चक्कर मारली आणि फुगलेल्या चार माद्या मिळाल्या. जास्त शोधल्या असत्या तर आणखीही मिळाल्या असत्या, पण चार पुरेशा होत्या. मॅडमनीच शिकवलं होतं, एका मादीला शंभर-सव्वाशे लेकरं होतात.

ओसरीवर आठ ट्रे मांडले. बायकोने दोन दिवस पाहिलं आणि म्हणाली, “लोक कोंबड्या पाळतात. मी माहेरी काय सांगू?”

बाराव्या दिवशी डास झाले. ते आठ डब्यांत वाटले, डब्यांवर आठ गावांची नावं चिकटवली आणि चाचण्या लावल्या. सगळ्या माद्या पटापट मेल्या. शहराच्या त्या भागात कोणी कधी औषध मारलंच नव्हतं. कटरेंच्या कोठ्यातल्या डासांनी पावडर बापजन्मात पाहिली नव्हती. हे तेव्हा माझ्या डोक्यातही आलं नाही. मला वाटलं, पावडर चांगली आहे. खरं वाटावं म्हणून येरंडीपुढे मी दोन जिवंत लिहिल्या. तो तक्ता मी फार सुबक काढला होता. लाल शाईने ओळी मारल्या होत्या.

मे महिन्याच्या अखेरीस जिल्हा परिषदेच्या सभागृहात पावसाळापूर्व तयारीची बैठक झाली. आलुबोंडे आले, सभापती आले, आणि डॉ. केळुसकर एक पातळ फाईल घेऊन आल्या. मी मागच्या खुर्चीवर होतो. तिथून बाहेर पडायचं दार जवळ होतं.

मॅडम उभ्या राहिल्या. “पहिल्या तीन गावांतले डास एकमेकांहून वेगळे आहेत. बाजारात जमलेली माणसं असतात तसे. आईकडून लेकरात जसाच्या तसा उतरणारा एक धागा असतो, तो आम्ही वाचतो. या तीन गावांत आम्हाला असे एकसष्ट वेगवेगळे धागे सापडले. उरलेल्या आठ गावांचे मिळून दोनशे डास आहेत. त्यांच्यात फक्त चार धागे आहेत.”

“म्हणजे?” सभापतींनी बोंडा खाली ठेवला.

“म्हणजे आठ गावांतले हे दोनशे डास चार आयांची लेकरं आहेत. सख्खी बहीणभावंडं.”

मग सभापती मोठ्याने म्हणाले, “वा! आमच्या जिल्ह्यात एकोपाच तसा आहे.”

सगळे हसले. मीही हसलो. न हसणारा मागच्या रांगेत मी एकटाच दिसलो असतो.

“साहेब, हा डास फार तर दोन-तीन किलोमीटर उडतो. मधे दोन डोंगर आणि नदी आहे,” मॅडम म्हणाल्या.

“एसटीने गेले असतील.”

बारसागडे उठले. त्यांना अडचणीतून परिच्छेद काढण्याची विद्या होती. “उलट मी मॅडमचे आभार मानतो. यातून असं सिद्ध होतं की आपल्या जिल्ह्यातला डास एकजिनसी आहे. सबब एकच औषध पुरेसं आहे. तीन गावांत साठ टक्के मेले, आठ गावांत जवळपास शंभर. सरासरी काढली तर अठ्ठ्याऐंशी. सभापतिमहोदय, अठ्ठ्याऐंशी टक्क्यांना तर मुलं डॉक्टर होतात.”

“सरासरी काढून डास मरत नाही,” केळुसकर म्हणाल्या. त्यांचा आवाज चढला नव्हता, हेच मला जास्त झोंबलं. त्या वळल्या आणि सरळ माझ्याकडे बघत म्हणाल्या, “टेंभुर्णे, तुम्ही येरंडीला गेला होतात?”

सगळ्या माना फिरल्या. बारसागडे साहेबांनी रुमालाने चष्मा पुसायला घेतला. माझ्या हातात आलुबोंडा होता. तो कुठे ठेवावा ते कळेना.

“हो मॅडम. गेलो होतो.”

“कोणाच्या कोठ्यात डास धरलेत?”

जंगलातल्या त्या गावांत कुमरे आडनाव घरोघरी असतं. “कुमरेंच्या,” मी म्हणालो.

त्यांनी मान हलवली, फाईल मिटली आणि खाली बसल्या. पावडर मंजूर झाली. जिन्यात त्या मला एकट्याला भेटल्या.

“येरंडीला नदी कशी ओलांडलीत?”

“नावेनं, मॅडम.”

“चार वर्षं झाली तिथे पूल होऊन. गावं निवडायला मी गेल्या साली त्यावरून गेले आहे.” एवढं बोलून त्या उतरून गेल्या. वर सगळ्यांसमोर त्यांनी हे का विचारलं नाही, ते मी त्यांना कधी विचारू शकलो नाही.

जूनमध्ये पावडर भिंतींवर गेली. गोदाम रिकामं झालं. पंधरा ऑगस्टला झेंडावंदनानंतर मला ‘उत्कृष्ट कर्मचारी’ म्हणून प्रमाणपत्र मिळालं, वेळेवर तक्ते सादर केल्याबद्दल. बायकोने ते भिंतीवर लावलं. सासऱ्यांनी पहिल्यांदा चार लोकांना जावयाचं खातं कोणतं ते सांगितलं.

त्याच आठवड्यात जंगलापलीकडून तापाचे निरोप यायला लागले. आधी एका गावाहून, मग तीन, मग सगळ्या आठांहून. महिनाअखेरीस मृतांची यादी कार्यालयात आली. बारा नावं होती. सातव्या ओळीवर होतं: रुखमा कुमरे, वय तेवीस, येरंडी. डोक्यात गेलेला हिवताप.

मी ते नाव सभागृहात तोंडातून काढलं होतं. नुसतं आडनाव, तेही अंदाजाने. पण ते नाव टाईप केलेलं पाहिल्यावर मी यादी पुन्हा पहिल्या ओळीपासून वाचली. कार्यालयातल्या सगळ्यांना रक्तनमुने घ्यायला गावोगाव पाठवत होते. एरवी असल्या कामाला मी पाठ दुखते म्हणून सांगायचो. या वेळी येरंडी मी मागून घेतली.

पूल चांगला होता. रुंद, दोन्ही बाजूंना कठडे.

कुमरेंचं घर विचारत गेलो. दारात एक पंचावन्न-साठची बाई मोहाची वाळलेली फुलं निवडत बसली होती. सुंद्राबाई, रुखमाची सासू. घरात आता ती एकटीच. मुलगा कामाला परराज्यात होता, बायको गेल्यावर येऊन परत गेला होता.

“कोन व्हय?” तिने विचारलं.

“मी हिवतापचा, आई.”

“हिवताप त येऊन गेला,” ती म्हणाली आणि पुन्हा फुलं निवडायला लागली.

मी म्हणालो, “तुमचा कोठा कुठे आहे?”

“कायचा कोठा? आमच्या घरी ढोर नाही. कधीच नव्हतं.”

मी ओट्यावर बसलो. तिने पाणी दिलं. आत दिसणारी भिंत पावडरीने पांढरी झालेली होती आणि तिच्यावर डास बसले होते. मागचे पाय वर, डोकं भिंतीकडे, जेवायला बसल्यासारखे.

“पाहून घे,” ती म्हणाली. “तुमचे लोकं पावडर मारून गेले, अन् हे त्यावरच झोपते. आम्ही सांगतलं. त्यायनं म्हटलं, कागदात मेले हाये.”

माझ्या पिशवीत नळ्या होत्या, कागद होता. दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्या घरात पंचवीस माद्या पकडल्या. या वेळी नळीला जाळी लावली होती. त्या पावडरीच्या कागदाच्या नळीत सोडल्या. सुंद्राबाई समोर बसली. तासभर ती नळीकडे बघत होती, एकदाही उठली नाही. मग त्यांना साखरपाणी दिलं. रात्री मी शाळेच्या खोलीत झोपलो. सकाळी गेलो तर ती माझ्या आधीच नळीजवळ बसलेली.

“एकोणीस जित्या,” ती म्हणाली. “मी तीनदा मोजल्या.”

मीही मोजल्या. एकोणीस.

“मंग तुमच्या कागदात कशा मेल्या?”

मी तिला सांगितलं. कटरेंचा कोठा सांगितला, चार माद्या सांगितल्या, ओसरीवरचे ट्रे, लाल शाईच्या ओळी, सगळं. कसं सांगितलं ते मला आठवत नाही. एवढं आठवतं की सांगताना मी दोनदा ‘साहेबांनी’ असा शब्द सुरू केला आणि दोन्ही वेळा तिने मधेच विचारलं, “तू गेलता का नाही?”

“नाही गेलो, आई.”

ती पुन्हा नळीतल्या डासांकडे बघायला लागली. तिने शिवी दिली असती तर मला बरं वाटलं असतं. मग म्हणाली, “मले सांगून काय होते? मी का साहेब आहो? ज्याले खोटं सांगतलं त्याले सांग.”

मी परत आलो आणि लेखी कबुली दिली. आठ गावांत गेलो नाही, नमुने घरामागचे, अहवाल खोटा, कारवाई व्हावी. खाली सही, तारीख. एक प्रत साहेबांना, एक वर. दोन रात्री झोप नव्हती, तरी अक्षर चांगलं आलं होतं.

चौकशी बसली. चौकशी अधिकारी सज्जन होते. त्यांच्यापुढे माझ्या प्रवासाच्या नोंदी होत्या, जीपचं लॉगबुक होतं, माझा सुबक तक्ता होता. प्रत्येकावर बारसागडे साहेबांची आणि त्यांच्या वरच्या साहेबांची सही होती.

“टेंभुर्णे, लॉगबुकाप्रमाणे जीप एकोणीस एप्रिलला येरंडीला गेली होती.”

“साहेब, ती लग्नात होती.”

“तसं लॉगबुकात नाही.”

“कसं असेल?”

“मग तुमच्या म्हणण्याला पुरावा काय?”

“मी स्वतःच म्हणतोय ना साहेब, की मी गेलो नाही!”

ते माझ्याकडे कणवेने बघत राहिले. बाहेर बारसागडे साहेबांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. “येरंडीचं ते दृश्य बघून मनावर परिणाम होतो. होतं असं. संवेदनशील कर्मचारी आहात.”

आठ दिवसांनी निकाल आला. सदर कर्मचारी नियोजित गावांना गेले होते हे अभिलेखावरून सिद्ध होते. साथीतील अतिश्रमामुळे त्यांना मानसिक थकवा आला असून त्यांना दोन महिने वैद्यकीय रजा मंजूर करण्यात येते.

मी खोटं बोललो तेव्हा मला प्रमाणपत्र मिळालं होतं आणि खरं बोललो तेव्हा डॉक्टरांच्या गोळ्या. मला दोषी धरलं असतं तर माझ्या कागदांवर ज्यांच्या सह्या होत्या ते सगळेच दोषी ठरले असते. तेवढ्या माणसांना निलंबित केलं असतं तर कार्यालयाला कुलूप लावावं लागलं असतं.

मी डॉ. केळुसकरांना फोन केला. कबुलीची प्रत त्यांना आधीच पाठवली होती.

“मिळालं पत्र,” त्या म्हणाल्या.

“मॅडम, मी कुठेही येऊन सांगायला तयार आहे. शपथेवर लिहून देतो.”

“पत्राचं मी काय करू? पत्रावर फवारणी बदलत नाही. मला डास पाहिजेत, आठही गावांचे. लेखी काही नको, सरपंचाची सहीसुद्धा नको. तुम्ही कुठे गेला होतात ते डास सांगतील.”

त्यांनी फोन ठेवला. दुसऱ्या दिवशी टपालाने बाटल्या आल्या, सोबत चिठ्ठी नव्हती.

मग मी मानसिक थकव्याच्या रजेवर आठ गावं केली. एसटी जिथपर्यंत जायची तिथपर्यंत एसटीने, पुढे पायी किंवा कोणाच्या सायकलवर. सहा आठवडे लागले. अकरा वर्षांत जेवढे डास पकडले नव्हते तेवढे त्या सहा आठवड्यांत पकडले. लोक हाकलून द्यायचे, आणि द्यायलाच हवं होतं. एका गावात एका म्हाताऱ्याने मला नाव विचारलं, खातं विचारलं आणि कुत्रं सोडलं. दोन वेळा मला स्वतःला ताप आला. घरी आलो की बायको प्रमाणपत्राखाली खाट टाकायची. तिसऱ्यांदा घरी आलो तेव्हा तिने ते प्रमाणपत्र उतरवून कपाटात टाकलं.

येरंडीत मात्र मला घरं शोधावी लागली नाहीत. सुंद्राबाई पुढे चालायची, दार वाजवायची आणि सांगायची, “हा तोच व्हय. येऊ द्या याले.” ‘तोच’ म्हणजे कोण, हे सगळ्या गावाला माहीत होतं. ज्या घरातलं माणूस गेलं होतं त्या घरातही मला आत घेतलं.

बाटल्या पाठवल्या. नोव्हेंबर गेला, डिसेंबर गेला. मी कामावर रुजू झालो. साहेबांनी मला डासांपासून दूर, आवक-जावक टेबलावर बसवलं. जानेवारीत एका दुपारी फोन आला.

“टेंभुर्णे, केळुसकर बोलतेय.” त्या पहिल्यांदाच जरा हसल्यासारख्या वाटल्या. “एकशे त्रेपन्न आया. आठ गावांत. यातले बहुतेक डास एकमेकांना ओळखतसुद्धा नाहीत.”

मी फोन ठेवला आणि टेबलावर डोकं टेकलं. समोरच्या बाबूने विचारलं, घरी सगळं बरं आहे ना? मी म्हटलं, हो, नातेवाईक वाढले.

त्यांचा अहवाल वरच्या कार्यालयात थेट गेला. आठही गावांतल्या डासांना ती पावडर पचत होती, येरंडीत सर्वांत जास्त. फेब्रुवारीत औषध बदलण्याचा आदेश निघाला. बैठकीत बारसागडे साहेब म्हणाले की त्यांना पहिल्यापासूनच शंका होती आणि म्हणूनच त्यांनी एका कर्मचाऱ्याला रजेच्या काळातही क्षेत्रभेटीस प्रवृत्त केलं. एप्रिलमध्ये ते बढतीवर गेले. निरोपसमारंभाला सभापतींनी त्यांना विज्ञाननिष्ठ अधिकारी म्हटलं.

बारा माणसांबद्दल पुढे कोणी काही बोललं नाही. त्यांची यादी फायलीत गेली आणि फाईल रेकॉर्डला.

मे महिन्यात नवं औषध येरंडीत पोचलं. फवारणी हे माझं काम नव्हतं, पण मी पंपवाल्याबरोबर गेलो. त्या पंपाला दोन माणसं लागतात, एकाने दांडा वरखाली करून हवा भरायची, दुसऱ्याने फवारायचं. त्याचा जोडीदार त्या दिवशी आला नव्हता.

सुंद्राबाईने भांडी, धान्याची कणगी, कपडे, सगळं अंगणात काढून ठेवलं होतं. आम्ही पुढची खोली केली आणि आतल्या खोलीत गेलो. पंपवाला भिंतीपुढे थांबला.

गेल्या सालच्या पावडरीचे पांढरे ओघळ त्या भिंतीवर तसेच होते. पण कोणीतरी गेरूने त्यांच्याभोवती रेघा ओढल्या होत्या. एका लांब ओघळाचा मोर केला होता, चार ठिपक्यांच्या पाण्याला निघालेल्या बाया, एका मोठ्या डागाचं मोहाचं झाड. वीतभर जागा सोडली नव्हती.

“हे कोनं केलं?” पंपवाल्याने विचारलं.

ते रुखमाचं आहे, हे मला सांगायची गरज पडली नाही. तो स्वतःच समजला आणि नळी खाली केली. मी हळू आवाजात म्हणालो, “ही एवढी सोड. बाकीच्या तिन्ही कर.”

सुंद्राबाई दारात उभी होती. “काहून सोडता?”

“आई, औषधाने रंग उतरेल. सगळं पुसून जाईल.”

ती आत आली. भिंतीच्या बुडाशी, मोराखाली, तिने तळहात ठेवला. “तिची खाट अथीच होती. मच्छर याच भिंतीवर बसे.” मग ती बाजूला सरकली आणि पंपवाल्याला म्हणाली, “मार. आदी हेच मार.”

त्याने माझ्याकडे पाहिलं. मी खाली बसलो, पंपाचा दांडा दोन्ही हातांनी धरला आणि हवा भरायला लागलो.